कम्युनिझम गेला, मग भांडण का नाही गेलं?

गेल्या महिन्यात बहीण चार दिवस राहायला आली होती, सोबत भाची. ती आता नववीत आहे. रात्री जेवणं झाल्यावर ती शीतयुद्धाचा धडा घेऊन बसली आणि पाठ करता करता मधेच थांबून म्हणाली, "मावशी, अमेरिका भांडवलशाहीवाली आणि रशिया साम्यवादी म्हणून दोघांचं पटत नव्हतं ना? पण रशियात आता साम्यवाद कुठेय? मग अजून का भांडतात?"

मी ओटा पुसत होते, हातातलं फडकं तसंच राहिलं. प्रश्न इतका सरळ होता आणि मला त्याचं सरळ उत्तर देता येईना. तेव्हा "उद्या सांगते" म्हणाले. उद्याचं परवा झालं, ती गेली पण परत तिच्या घरी, आणि मी मात्र तेव्हापासून याच विषयात अडकून पडलेय. म्हणून हे लिहितेय, तिलाही लिंक पाठवणार आहे.

मला जे समजलंय ते आधीच सांगून टाकते. रशियात १९१७ ची साम्यवादी क्रांती व्हायच्या बरंच आधीपासून या दोन देशांच्या मनात एकमेकांबद्दल गाठ बसायला लागली होती. मार्क्स, लेनिन, वॉल स्ट्रीट हे सगळं त्या गाठीवर नंतर चढलं. आणि गाठ पक्की झाली ती आठवणींमुळे, म्हणजे कोण काय लक्षात ठेवतं आणि कोण काय सोयीस्करपणे विसरतं त्यामुळे. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, त्याच्यावर पुढे येतेच.

आधी एक तारीख बघा. १८३५ मध्ये तोकव्हिल नावाच्या फ्रेंच माणसाने अमेरिकेच्या लोकशाहीवर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या पहिल्या भागाच्या शेवटी लिहून ठेवलं की जगात दोन राष्ट्रं वेगवेगळ्या ठिकाणाहून निघून एकाच दिशेने चाललीयेत, रशियन आणि अमेरिकन. अमेरिकनाचं हत्यार नांगर, रशियनाचं तलवार. अमेरिकनाचा आधार स्वातंत्र्य, रशियनाचा चाकरी. आणि दोघांच्याही हातात एक दिवस अर्ध्या अर्ध्या जगाचं नशीब येणार असं दिसतंय. त्या वर्षी कार्ल मार्क्स १७ वर्षांचा होता, शाळेतून नुकताच बाहेर पडलेला! म्हणजे साम्यवादाचा जाहीरनामा लिहिला जायला अजून तेरा वर्षं होती आणि कुणालातरी ही जोडी समोरासमोर उभी दिसत होती. त्याला काय दिसलं असेल? मला वाटतं त्याला जमीन दिसली.

रशियाचा नकाशा काढून बघा एकदा, म्हणजे पश्चिमेकडचा भाग. पोलंडपासून मॉस्कोपर्यंत आणि मॉस्कोपासून उरलपर्यंत सपाट. आपल्याकडे सह्याद्री आहे, घाट आहेत, गडावर दहा माणसं बसली तरी खिंड अडवता येते. तिथे अडवायला काही नाही, नद्या आहेत त्याही हिवाळ्यात गोठतात, मग त्यांच्यावरून घोडा जातो. १२३७ पासून मंगोल आले ते जवळपास अडीचशे वर्षं खंडणी घेत राहिले. १६१० मध्ये पोलिश सैन्य क्रेमलिनमध्ये येऊन बसलं, दोन वर्षं. मग स्वीडनचा राजा, १८१२ ला नेपोलियन आणि जळालेलं मॉस्को, १९१४ ला जर्मन, १९४१ ला परत जर्मन. पिढ्यानपिढ्या घरात हेच ऐकत आलेल्या माणसाला सीमा जितकी लांब ढकलता येईल तितकी कमीच वाटणार. आणि असा देश धरून ठेवायचा तर सगळी सत्ता एका हातात हवी, शेतकरी जागचा हलता कामा नये, ही समजूतसुद्धा तिथलीच, झारच्या काळातली. भूदास पद्धत १८६१ पर्यंत होती, म्हणजे माणूस जमिनीसकट मालकाचा.

आता अमेरिका. दोन बाजूंना दोन महासागर, उत्तरेला आणि दक्षिणेला धाक वाटावा असं कुणी नाही. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी व्हाइट हाऊस जाळलं तेवढं सोडलं तर घरात शत्रू शिरल्याची आठवण जवळजवळ नाहीच. १८६२ च्या कायद्याने सरकार सांगतंय, पश्चिमेला जा, १६० एकर घ्या, पाच वर्षं कसा, जमीन तुमची. अर्थात ती जमीन रिकामी नव्हती, तिथे मूळ रहिवासी होते, त्यांना हुसकावून आणि मारून ती "रिकामी" केली गेली, हे विसरून चालणार नाही. पण जो गोरा शेतकरी तिथे गेला त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, माझी जमीन, माझं कुंपण, सरकारने लांब राहावं.

रशियन खेड्यात याच्या बरोब्बर उलटं होतं. तिथल्या गावसभेला "मीर" म्हणत. पुष्कळ गावांत जमीन कुणा एकाची नाहीच, गावाची, आणि दर काही वर्षांनी घरातल्या माणसांच्या हिशेबाने पट्ट्यांची परत वाटणी. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे हाच मीर शब्द रशियनमध्ये जग या अर्थानेही वापरतात आणि शांतता या अर्थानेही. गाव म्हणजेच जग. आता ज्याच्या आजोबा-पणजोबांनी जमीन अशी वाटून खाल्लीय त्याला लेनिनच्या पक्षाने, म्हणजे बोल्शेविकांनी, "जमीन सगळ्यांची" म्हटलं तर ते काही परग्रहावरचं वाटणार नाही, आणि कॅन्ससच्या शेतकऱ्याला तेच वाक्य चोरी वाटेल. दोघंही मार्क्स वाचायला गेले नव्हते.

अजून एक गोष्ट, धर्माची. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं, त्यानंतर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलोफेई नावाच्या एका रशियन साधूने लिहिलं की दोन रोम पडले, तिसरं मॉस्को उभं आहे, आणि चौथं होणार नाही. इकडे १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला लोक घेऊन निघाला तेव्हा त्याने प्रवचन दिलं, आपण टेकडीवरचं शहर होणार आहोत, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर असतील. बघा म्हणजे. दोघांनाही आपण देवाने निवडलेले आहोत असं वाटतंय, जगाला वाट दाखवायची कामगिरी आपल्यावरच आहे असं वाटतंय. देव बाजूला करून तिथे क्रांती ठेवा किंवा लोकशाही ठेवा, सूर तोच राहतो.

आणि तरीही सुरुवातीची शंभरएक वर्षं यांचं बरं चाललं होतं! हे मला माहीतच नव्हतं. १८१२ मध्ये रशियन लोकांनी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फोर्ट रॉस नावाचं ठाणं बांधलं होतं, १८४१ पर्यंत ते तिथे होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ ला रशियन आरमार न्यूयॉर्कच्या बंदरात येऊन थांबलं, लोकांनी मेजवान्या दिल्या. १८६७ ला अलास्का ७२ लाख डॉलरला विकून टाकलं, कारण झारला भीती होती की युद्ध झालं तर ते ब्रिटिश घेतील, त्यापेक्षा अमेरिकेला गेलेलं बरं. आणि रेल्वेवाल्यांसाठी एक खास गोष्ट, मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग रेल्वेचा सल्लागार इंजिनियर अमेरिकन होता, व्हिसलर नावाचा, त्याने पाच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सुचवला. बाकी युरोपात बहुतेक ठिकाणी त्याहून अरुंद. पोलंड-बेलारूसच्या सीमेवर गाड्या उचलून खालची चाकं बदलावी लागायची ती त्यामुळे. लोकांना वाटतं रशियाने शत्रूची रेल्वे आत येऊ नये म्हणून मुद्दाम केलं असेल, पण त्या गेजमागे सल्ला एका अमेरिकन माणसाचा होता.

मग बिघडलं कुठे?

माझ्या मते पहिला तडा १८८० च्या दशकात गेला, आणि तो एका माणसाच्या प्रवासामुळे. जॉर्ज केनन नावाचा अमेरिकन पत्रकार १८८५-८६ मध्ये सायबेरियात फिरला, झारने हद्दपार केलेले कैदी बघायला. गेला तेव्हा तो झारच्या बाजूचा होता बरं का, टीका करणारे लोक उगाच बोंब मारतात असं त्याचं मत होतं. परत आला तो पूर्ण बदलून. मग त्याने लेख लिहिले, पुस्तक लिहिलं आणि गावोगाव व्याख्यानं दिली, व्याख्यानाला कैद्याचे कपडे घालून, पायात खरोखरच्या बेड्या घालून उभा राहायचा. बेड्यांचा खणखणाट ऐकत हजारो अमेरिकन लोकांनी "रशिया म्हणजे तुरुंग" हे चित्र डोक्यात घेतलं. नंतर ज्यूंवरचे हल्ले, १९०३ चं किशिनेव्ह शहरातलं हत्याकांड. अमेरिकन ज्यूंचे पासपोर्ट रशिया मानत नव्हता, यावरून डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहाने १८३२ चा व्यापारी करार मोडायचा ठराव केला, ३०० विरुद्ध १ मतांनी. हे सगळं झारच्या रशियाविरुद्ध. लेनिन तेव्हा परदेशात होता, त्याचं नाव किती अमेरिकनांना माहीत असेल?

आता १९१८ वर येते, इथे मला थोडं थांबायचंय.

पहिलं महायुद्ध चालू आहे. बोल्शेविकांनी मार्चमध्ये जर्मनीशी तह करून टाकला आणि युद्धातून बाहेर पडले. ब्रिटन-फ्रान्स घाबरले, बंदरांत पाठवलेला दारूगोळा जर्मनांच्या हाती लागेल, शिवाय पूर्वेची आघाडी परत उघडता आली तर बघावी. अमेरिकन अध्यक्ष विल्सन महिनोन्‌महिने टाळत होता, शेवटी जुलैमध्ये तयार झाला. सुमारे ५,००० अमेरिकन सैनिक उत्तरेला अर्खांगेल्स्कला आणि सुमारे ८,००० पूर्वेला व्लादिवोस्तोकला. अर्खांगेल्स्कला गेलेले बहुतेक मिशिगनचे. कारखान्यात, शेतावर काम करणारी पोरं, त्यांना वाटलं होतं आपण फ्रान्सला चाललोय. इंग्लंडमध्ये त्यांच्या रायफली काढून घेतल्या आणि रशियन नमुन्याच्या दिल्या. बुटांसाठी ध्रुवप्रदेशात फिरलेल्या शॅकलटनच्या नमुन्याचे बूट दिले, ते बर्फावर इतके घसरायचे की पोरं वैतागून गेली.

११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता पश्चिमेला तोफा थांबल्या, लंडन-पॅरिसमध्ये लोक रस्त्यावर नाचले. त्याच दिवशी द्विना नदीकाठच्या तुलगास नावाच्या खेड्यात या मिशिगनच्या पोरांवर बोल्शेविकांच्या लाल सैन्याने हल्ला केला आणि लढाई चार दिवस चालली. ती संपल्यावर अमेरिकनांनी गावाचा वरचा भाग जाळला, कारण त्या घरांच्या आडून गोळ्या येत होत्या. लाकडाची घरं. मोसमातला पहिला बर्फ भुरभुरत होता आणि लोक आपापली गाठोडी घेऊन बाहेर. मला हे वाचून पुढे काही वाचवेना. त्या गावातल्या एखाद्या बाईला कोण विल्सन, कोण लेनिन, काय फरक पडतो, तिच्या दृष्टीने कुठूनतरी लांबून आलेल्या, आपली भाषा न कळणाऱ्या माणसांनी हिवाळ्याच्या तोंडावर घर जाळलं, बस.

उत्तरेतले सैनिक १९१९ च्या उन्हाळ्यात परत गेले, सायबेरियातले १९२० च्या एप्रिलमध्ये. अमेरिका विसरून गेली. इतकी विसरली की १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी काँग्रेससमोरच्या भाषणात सोव्हिएत जनतेला उद्देशून सांगितलं, आपली मुलं कधीच एकमेकांशी युद्धात लढलेली नाहीत. खोटं बोलत होते असं मला नाही वाटत, त्यांच्या देशाच्या आठवणीत ते नव्हतंच. आणि त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९५९ मध्ये, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना लॉस एंजेलिसमध्ये जेवणाच्या वेळी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते, तुमचे सैनिक आमच्या मातीवर आले होते, आमचे सैनिक तुमच्या मातीवर कधी आलेले नाहीत. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. मला तर वाटतं अख्खं शीतयुद्ध या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

पण थांबा, उलटं पण आहे. रशिया काय विसरला तेही बघायला हवं, नाहीतर मी एकाच बाजूने बोलतेय असं होईल.

१९२१ ला व्होल्गाकाठी भयंकर दुष्काळ पडला. समारा, सारातोव्ह, कझान. आधी युद्ध, मग यादवी, त्यात बोल्शेविकांनी गावागावातून धान्य जबरदस्तीने उचललेलं, बियाणंसुद्धा ठेवलं नव्हतं, आणि वर पाऊस नाही. लोक झाडाची साल, रानातलं गवत, माती पिठात कालवून भाकरी करत होते. मेलेल्यांचा आकडा ५० लाखांच्या आसपास सांगतात. रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कीने जगाला हाक दिली, आणि तिला ओ दिली कुणी तर तेव्हाचा अमेरिकन व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हरने, जो बोल्शेविकांचा मनापासून तिरस्कार करायचा. ऑगस्टमध्ये रिगा शहरात करार झाला. हूव्हरच्या संस्थेची तीनशेच्या आसपास अमेरिकन माणसं आणि त्यांच्या हाताखाली लाखाच्या वर रशियन कर्मचारी, आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये तर रोज एक कोटीच्या वर लोकांना ते जेवू घालत होते. एक कोटी, रोज! मुलांना पाव, भात, दूध, कोको. अमेरिकन मका आला तेव्हा कित्येक गावांत तो कसा शिजवायचा इथपासून सांगावं लागलं.

यात अमेरिकेचा स्वार्थ नव्हता असं नाही, तिथे मक्याचे भाव पडलेले होते आणि सरकारने खरेदी केली तर शेतकरी खूश होणार होता. पण जगलेल्या पोराला त्याने काय फरक पडतो. तिकडे लेनिनच्या लोकांना हे सगळे हेर वाटत होते, प्रत्येक अमेरिकनाच्या मागे पोलीस. आणि १९२२ च्या शेवटी सोव्हिएत सरकारने एकीकडे मदत चालू असतानाच दुसरीकडे स्वतःचं धान्य परदेशात विकायला काढलं, तेव्हा अमेरिकन लोक भडकले आणि ते बरोबरच होतं. १९२३ मध्ये काम संपलं, मॉस्कोने आभाराचं पत्र दिलं. आणि पुढे तीसेक वर्षांत सोव्हिएत पुस्तकांत हूव्हरचं काम म्हणजे हेरगिरीचा बुरखा असं छापून यायला लागलं. दोन पिढ्या गेल्या आणि आपल्या आजोबांना कुणी जेवू घातलं ते नातवांना माहीत नाही, आणि अर्खांगेल्स्क मात्र पाठ.

हे वाचल्यावर मला राग आला, खरंच आला. खाल्ल्या अन्नाला तरी जागावं. आणि मग एकदम आजी आठवली.

आजी ७२ च्या दुष्काळाचं बोलायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, आणि रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. ज्यांच्या घरात कुणी ते बघितलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. भाकरी थापताना कडेने तुटायची, तव्यावरून काढली की लालसर काळी, थंड झाली की वातड. त्या भाकरीवर घर जगलं, माझी आई जगली. आणि आजी ते सांगायची कसं, तर "जनावराचं खाणं घातलं आम्हाला." दरवेळी तेच वाक्य, दरवेळी आवाजात तीच धार. एकदासुद्धा "त्यांच्यामुळे वाचलो" असं नाही म्हणाली. गावात अजूनही लोक सांगतात की गाजरगवत अमेरिकेच्या धान्यातूनच आलं. ज्या हाताने धान्य आलं त्याची आठवण बांधावरच्या त्या गवताने ठेवलीय.

आजी कृतघ्न नव्हती. शेजारणीने अडीअडचणीला दिलेलं मापटंभर पीठ तिने मरेपर्यंत लक्षात ठेवलं होतं. पण शेजारणीला ती परत देऊ शकत होती. मिलो परत करता येत नव्हती, तिला नाव नव्हतं, तोंड नव्हतं, फक्त रांग होती आणि रांगेत उभं राहायची लाज होती. तेव्हापासून मला त्या सोव्हिएत पुस्तकांचा राग तेवढा येत नाही. चूक ती चूकच, इतिहास खोटा लिहिला तो लिहिलाच, पण ती लाज मला ओळखीची वाटते.

(आणि योगायोग बघा, त्याच १९७२ साली सोव्हिएत युनियनने आपलं पीक बुडालं म्हणून अमेरिकेकडून प्रचंड गहू विकत घेतला, अमेरिकेच्या त्या वर्षीच्या पिकाच्या जवळपास पाव हिस्सा, आणि जगभर धान्याचे भाव चढले. म्हणजे माझी आजी आणि मॉस्कोतली कुणी आजी एकाच वर्षी एकाच देशाच्या धान्याकडे डोळे लावून होत्या.)

दुसऱ्या महायुद्धातही हेच झालं. अमेरिकेने रशियाला चार लाखांच्या वर ट्रक आणि जीप दिल्या, लाखो टन अन्न दिलं. स्टालिन सांगत होता जर्मनीवर पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा, ती उघडायला जून १९४४ उजाडला, आणि तोवर रशियन सैनिक अमेरिकन मांसाचा डबा उघडताना म्हणायचे, चला, दुसरी आघाडी उघडली. सोव्हिएत मृत्यू २ कोटी ७० लाखांच्या घरात, अमेरिकेचे चार लाखांच्या आसपास. एकाच्या लक्षात राहिले ट्रक, दुसऱ्याच्या लक्षात राहिली प्रेतं. आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईत बसून स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो याच काळात, गरीब वस्तीत राहणाऱ्या त्या माणसाला ते रक्त इतक्या लांबून दिसत होतं.

आणि मग १९४६. २२ फेब्रुवारीला मॉस्कोच्या अमेरिकन वकिलातीतून एक लांबलचक तार वॉशिंग्टनला गेली, पुढची चाळीस वर्षं अमेरिकेचं धोरण जिच्यावर उभं राहिलं ती. लिहिणाऱ्याचं नाव जॉर्ज केनन! बेड्या घालून व्याख्यानं देणारे ते केनन याच्या आजोबांचे चुलतभाऊ. नाव तेच, देश तोच, विषय तोच. आणि या धाकट्या केननने त्या तारेत काय लिहिलं, तर क्रेमलिनच्या वागण्याच्या मुळाशी रशियाची जुनी, रक्तातली असुरक्षितता आहे, उघड्या मैदानावर भटक्या टोळ्यांच्या शेजारी राहणाऱ्या शेतकरी लोकांची असुरक्षितता. मार्क्सवादाला तो म्हणतो लाज झाकायचं पान. म्हणजे ज्या कागदापासून विचारसरणीचं युद्ध सुरू झालं असं आपण शिकतो, त्या कागदातच लिहिलंय की विचारसरणी वरवरची आहे, मूळ मैदानात आहे. गंमत नाही ही, फार दुःखाची गोष्ट आहे, कारण ज्यांनी ती तार वाचली त्यांनी त्यातला धोका तेवढा उचलला आणि भीती सोडून दिली.

१९९१ ला सोव्हिएत युनियन मोडलं, ते पान गळून पडलं. मैदान तिथेच राहिलं. १९९९ ला पोलंड, हंगेरी, चेक नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी युतीत, गेले, २००४ ला बाल्टिक देश. मॉस्कोला त्यात परत तोच जुना घोडा दिसला. पण इथे मला एक स्पष्ट बोलायचंय. त्या मैदानावर फक्त रशियन राहत नाहीत. पोलंडला आठवणी आहेत, लिथुआनियाला आहेत, युक्रेनला १९३२-३३ चा दुष्काळ आठवतो, जेव्हा मॉस्कोने धान्य काढून नेलं आणि लाखो माणसं मेली. ते नाटोकडे धावले ते त्यांच्या स्वतःच्या भीतीने, कुणी ढकललं म्हणून नाही. रशियाची भीती खरी आहे हे मी मानते, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालायचा हक्क त्या भीतीने मिळत नाही. तुलगासच्या बाईसाठी माझा जीव तुटतो तर युक्रेनमधल्या मारिउपोलच्या बाईसाठी तुटायलाच हवा.

तर भाचे, तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे एवढं उत्तर आहे. परीक्षेत हे लिहू नकोस, मार्क जातील, तिथे भांडवलशाही आणि साम्यवाद असंच लिही. पण घरात अ‍ॅटलास आहे त्यात अर्खांगेल्स्क शोध, पांढऱ्या समुद्राच्या काठी आहे, वर अगदी. १९२९ मध्ये तिथे परत काही अमेरिकन गेले होते. या दोन देशांत तेव्हा राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते, वकील नाही, वकिलात नाही. हे होते तुलगासच्या बाजूला लढलेले मिशिगनचे जुने सैनिक, दहा वर्षांनी, आपल्या मेलेल्या सोबत्यांची हाडं शोधायला. तिथल्याच गावकऱ्यांना सोबत घेऊन जंगलात, दलदलीत खोदलं आणि ८० च्या वर देह बाहेर काढले. त्यातले बरेचसे आता मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या दफनभूमीत आहेत, मधोमध पांढऱ्या संगमरवराचं एक अस्वल उभं केलंय. त्या गावकऱ्यांची नावं कुठे लिहिलेली मला सापडली नाहीत. अजून शोधतेय, सापडली की तुला फोन करते.